फोटो ‘काढणे’ आणि फोटो ‘येणे’

मराठीत छायाचित्राच्या संदर्भात दोन क्रियापदे रूढ आहेत. कॅमेरा ज्याच्या हाती असतो तो फोटो ‘काढतो’. ज्याचा काढला जातो त्याचा फोटो चांगला ‘येतो’ किंवा ‘येत नाही’. ताप यावा, झोप यावी, पाऊस यावा, त्याप्रमाणे फोटोही येतो. त्याचे येणे आपल्या स्वाधीन नाही, ते दैवाच्या किंवा चेहऱ्याच्या अधीन आहे, अशी समजूत या प्रयोगात गृहीत धरलेली असते. ‘माझा फोटो कधी चांगला येतच नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते, आणि ते उच्चारणारी व्यक्ती दोष कॅमेऱ्याला न देता बहुधा स्वतःच्या चेहऱ्यालाच देत असते.

स्वतःचे छायाचित्र स्वतःच काढताना ही दोन्ही क्रियापदे एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र येतात. काढणाराही तोच आणि ज्याचा यावयाचा तोही तोच. म्हणूनच या प्रकारात वरील समजूत कितपत खरी आहे हे तपासून पाहण्याची चांगली संधी मिळते. छायाचित्रातील चेहऱ्याचे रूप मुख्यतः काही थोड्या गोष्टींवर ठरते: कॅमेऱ्याचे अंतर, प्रकाशाची दिशा व जात, चेहऱ्याच्या वर्णाला दिलेला न्याय, आणि चेहऱ्याचा रोख व भाव. यांपैकी एकही गोष्ट दैवाधीन नाही. चेहऱ्याला ‘खुलवणारे’ छायाचित्र म्हणजे खोटे छायाचित्र, असेही समजण्याचे कारण नाही. खुलणे म्हणजे जे मुळात आहे तेच उघड होणे होय. बाहेरून काही आणून चिकटवणे नव्हे. हा भेद पुढील विवेचनात वारंवार उपयोगी पडेल.

पूर्वेतिहास

छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली ती १८३९ साली, आणि त्याच वर्षी स्वतःचे छायाचित्र काढण्याचा उद्योगही सुरू झाला. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी दिव्यांचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातील रॉबर्ट कॉर्नेलियस या तिशीतील तरुणाने दुकानाबाहेरच्या मोकळ्या जागेत कॅमेरा मांडला, भिंगावरचे झाकण दूर केले आणि तो स्वतःच कॅमेऱ्यासमोर जाऊन निश्चल राहिला. रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर त्या काळी चेहरा उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. हे चित्र आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन केलेले आहे. त्यात कॉर्नेलियस मध्यभागी नाही. तो एका बाजूस सरकलेला आहे, त्याचे केस विस्कटलेले आहेत आणि हात छातीशी बांधलेले आहेत. चौकटीत आपण नेमके कोठे आहोत हे सांगणारा दुसरा कोणी तेथे नव्हता. स्वतःच्या छायाचित्रातील पहिली अडचण या पहिल्याच प्रयत्नात स्पष्ट झाली: काढणाऱ्याला आपले चित्र काढतेवेळी दिसत नाही.

दुसरी अडचण पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रकट झाली. इपोलित बायार या सरकारी नोकरीतील गृहस्थाने कागदावर थेट चित्र उमटवण्याची स्वतंत्र रीत शोधून काढली होती, परंतु मानसन्मान दागेर यास मिळाला. या उपेक्षेचा निषेध म्हणून बायारने १८४० साली बुडून मेलेल्या माणसाच्या वेषात स्वतःचे छायाचित्र काढले. त्यात उघड्या अंगाने, डोळे मिटून तो भिंतीशी टेकलेला आहे, आणि चेहरा व हात धडापेक्षा बरेच काळे दिसतात. चित्राच्या पाठीमागे लिहिलेल्या मजकुरात त्याने हा काळेपणा प्रेत कुजू लागल्याची खूण म्हणून विनोदाने खपवला आहे. वस्तुतः कारण रासायनिक होते. त्या काळची रसायने निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. तांबड्या व पिवळ्या रंगांना ती जवळजवळ आंधळी होती. उन्हाने रापलेली कातडी त्यामुळे काळी उमटे. कॅमेरा डोळ्यासारखे पाहत नाही, हे बायारच्या चित्राने शिकवले.

भारतातही या छंदाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद तिच्या कार्यात सहभागी होते. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे (राज्यकाल १८३५–१८८०) हे स्वतः ओल्या काचपट्टीच्या पद्धतीने छायाचित्रे घेत. त्यांची स्वतःची छायाचित्रे जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात आहेत. एकात ते राजवेषात दिसतात, तर दुसऱ्यात पूजेस बसलेल्या शिवभक्ताच्या रूपात. त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य यांनी सुमारे १८८० मध्ये राणी मनमोहिनी हिच्यासह स्वतःचे छायाचित्र काढले. दूरवर असलेल्या कॅमेऱ्याचे शटर उघडण्यासाठी लांब तार जोडलेली कळ त्यांनी हाती धरली होती. आज हाताच्या अंतरावर जे साधते त्यासाठी त्यांना ही योजना करावी लागली. मात्र तिचा एक लाभ असा की, कॅमेरा आपोआपच पुरेसा दूर राहिला. त्याचे महत्त्व पुढे दिसेल.

आरशातला चेहरा

माणूस स्वतःचा चेहरा प्रत्यक्ष कधीच पाहत नाही. तो पाहतो ती आरशातील प्रतिमा, आणि तीत डावे-उजवे उलटलेले असते. डाव्या खांद्यावरून घेतलेला पदर आरशातल्या स्त्रीच्या उजव्या खांद्यावर दिसतो, डाव्या नाकपुडीतील चमकी उजवीकडे जाते, भांग दुसऱ्या बाजूस पडतो. कोणाचाही चेहरा पूर्णपणे सममित नसतो. एक भुवई किंचित वर असते, हसताना ओठाचा एक कोपरा जास्त उचलला जातो, नाक सूक्ष्मसे एका अंगास कललेले असते. आरशात ही विषमता एका दिशेने दिसते व छायाचित्रात नेमकी उलट दिशेने. त्यामुळे जन्मभर ज्या चेहऱ्याची सवय झालेली असते तो छायाचित्रात भेटत नाही. त्याच्यासारखाच परंतु थोडा परका असा दुसराच कोणी भेटतो.

अमेरिकेतील मिटा, डर्मर व नाइट या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली या विषयावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी काही तरुणींच्या छायाचित्रांच्या दोन-दोन प्रती केल्या, एक सरळ व एक आरशाप्रमाणे उलटलेली. स्वतः त्या तरुणींना बहुतांशी उलटलेली प्रत पसंत पडली. त्यांच्या मित्रमैत्रिणींना सरळ. ज्याने त्याने आपल्याला परिचित असलेला चेहरा निवडला. यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. स्वतःचे छायाचित्र पाहून जो पहिला नावडीचा झटका बसतो, तो बऱ्याच अंशी अपरिचयाचा असतो, कुरूपतेचा नव्हे. इतरांना तोच चेहरा रोजचा आणि आवडीचा असतो.

भ्रमणध्वनीच्या पुढील कॅमेऱ्याने हा गोंधळ वाढवला आहे. चित्र घेताना पडद्यावर बहुधा आरशासारखी प्रतिमा दिसते, आणि अनेक यंत्रांत साठवले जाणारे चित्र मात्र सरळ केलेले असते. पडद्यावर बरा दिसणारा चेहरा कळ दाबताच ‘बिघडतो’ असा अनुभव येतो तो यामुळे. आपले छायाचित्र निवडताना म्हणून ते काही काळ बाजूस ठेवून नंतर पाहावे, किंवा निवडीचे काम घरच्या माणसाकडे सोपवावे, हे अधिक शहाणपणाचे होय.

अंतराचे गणित

चेहरा सपाट नाही. नाकाचे टोक पुढे, गाल त्यामागे व कान सर्वांत मागे असतात. प्रौढ माणसाच्या नाकाचे टोक व कान यांत पुढून मागे सुमारे १२ सेंटिमीटर अंतर असते. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कानापासून तो ४२ सेंटिमीटरवर असतो. वस्तू जितकी जवळ तितकी ती मोठी उमटते, या साध्या नियमाने नाकाच्या जागी असलेली वस्तू कानाच्या जागी असलेल्या तेवढ्याच वस्तूपेक्षा ४० टक्क्यांनी मोठी उमटेल. हात पुरता लांबवून कॅमेरा ५० सेंटिमीटरवर नेला, तर हा फरक २४ टक्क्यांवर येतो. दीड मीटरवर तो अवघा ८ टक्के राहतो. माणसे एकमेकांशी बोलताना सामान्यतः जेवढ्या अंतरावर असतात त्या अंतरावरून दिसणारा चेहराच आपल्याला ‘खरा’ वाटतो. दोन वितींवरून घेतलेले चित्र म्हणजे तान्ह्या मुलाला आईच्या मांडीवरून दिसणारा चेहरा होय. खोटा तो नाही. परंतु ज्या जवळिकीतून तो दिसतो ती जवळीक चित्र पाहणाऱ्याची नसते.

हा दोष भिंगाचा आहे असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. चेहऱ्याच्या अवयवांचे परस्पर प्रमाण, ज्याला चित्रकलेत यथादर्शन म्हणतात, ते केवळ अंतराने ठरते. रुंद दृश्य टिपणारे भिंग माणसाला जवळ येण्याचा मोह घालते, एवढाच त्याचा अपराध. पूर्वीचे व्यावसायिक छायाचित्रकार ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर व्यक्तिचित्रासाठी ८५ ते १०५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग पसंत करीत, त्याचे कारणही हेच. दीड-दोन मीटर दूर उभे राहूनही मस्तक व खांदे यांनी चौकट भरावी, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

अमेरिकेतील वैद्यक संशोधकांनी २०१८ साली गणिती प्रतिकृतीच्या आधारे हीच गोष्ट मांडली. बारा इंचांवरून घेतलेल्या चित्रात नाकाचा पाया, पाच फुटांवरून घेतलेल्या चित्राच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के अधिक रुंद भासतो असे त्यांनी दाखवले. हा हिशेब मांडण्याची निकडही तशीच होती. चेहऱ्याची सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या तेथील शल्यविशारदांच्या संघटनेने २०१७ साली केलेल्या पाहणीत ५५ टक्के शल्यविशारदांनी सांगितले होते की, स्वतः काढलेल्या छायाचित्रात चांगले दिसावे म्हणून शस्त्रक्रिया मागणारे रुग्ण त्यांच्याकडे येतात. जो दोष हात मागे घेतल्याने दूर होतो, त्यासाठी नाकावर शस्त्र चालवून घेण्यास माणसे तयार होतात, याहून ‘फोटो येणे’ या समजुतीचा घातक परिणाम दुसरा कोणता सांगावा?

उपाय सोपा आहे. कॅमेरा किंवा भ्रमणध्वनी पुस्तकांच्या फळीवर, खिडकीच्या कठड्यावर वा तिपाईवर दीड ते दोन मीटर अंतरावर स्थिर ठेवावा, आणि काही सेकंदांनी आपोआप चित्र घेणारी योजना वापरावी. चेहरा जेथे यावयाचा त्या जागी आधी खुर्चीची पाठ किंवा टांगलेली छत्री ठेवून तिच्यावर भिंग साधून घेतले, म्हणजे चौकटीची व स्पष्टतेची चिंता उरत नाही. चित्रात भोवतालचा भाग जास्त आला तर तो नंतर कापता येतो. कापल्याने यथादर्शन बदलत नाही.

प्रकाशाची दिशा व जात

अंतराने चेहऱ्याचे प्रमाण ठरते. त्याची घडण दाखवतो तो प्रकाश. प्रकाशाविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात: तो कोठून येतो, आणि तो किती मोठ्या उगमातून येतो. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते. भुवयांखाली डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाखाली सावलीची मिशी उमटते आणि डोळे मिचकावले जातात. छताला लावलेल्या नळीदिव्याखाली उभे राहिल्यास हाच प्रकार सौम्य रूपात घडतो. कॅमेऱ्यावरच बसवलेला झोताचा दिवा याच्या उलट करतो. तो समोरून येऊन सर्व सावल्या पुसून टाकतो. चेहरा सपाट व ओळखपत्रावरल्यासारखा निर्जीव होतो.

मोठ्या उगमातून, बाजूने व थोडा वरून येणारा प्रकाश चेहऱ्याला सर्वांत अनुकूल असतो, आणि तो प्रत्येक घरात फुकट उपलब्ध आहे. तो म्हणजे खिडकीचा प्रकाश. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही तिच्यापासून सुमारे एक मीटरवर, तिच्याकडे तिरपा चेहरा करून बसावे. उगम जितका मोठा व जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ पडतात आणि त्वचेवरील बारीक खाचखळगे पुसट होतात. दुसऱ्या गालावरची सावली फार गडद वाटली तर त्या बाजूस पांढरी चादर, धुतलेले धोतर किंवा मोठा पुठ्ठा उभा करावा. परावर्तित प्रकाशाने सावली उजळते. चित्रकार उत्तरेकडील खिडकी पसंत करतात, कारण तेथे वर्षाचा बहुतेक काळ ऊन येत नाही. मात्र मुंबईसारख्या १९ अंश अक्षांशावरील गावी मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे कलतो, हे ध्यानात ठेवावे. पावसाळी ढगाळ दिवस तर या कामास फारच चांगला, कारण अशा दिवशी सगळे आकाशच एक विशाल खिडकी होते.

खिडकी चेहऱ्याच्या एका बाजूस व किंचित पुढे असली, म्हणजे सावलीतल्या गालावर डोळ्याखाली प्रकाशाचा एक लहान त्रिकोण पडतो. सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट याने आपल्या अनेक व्यक्तिचित्रांत ही योजना वापरल्यामुळे छायाचित्रकार तिला त्याच्याच नावाने ओळखतात. रेम्ब्रांटने स्वतःची चित्रे तरुणपणापासून वार्धक्यापर्यंत सातत्याने रंगवली, हेही येथे आठवण्यासारखे आहे. प्रकाश योग्य जागी आहे की नाही याची एक सोपी खूण डोळ्यांत सापडते. बुबुळाच्या वरच्या भागात खिडकीचा लहानसा चकाकता ठिपका दिसला पाहिजे. तो नसला तर डोळे विझल्यासारखे दिसतात, मग बाकी चेहरा कितीही रेखीव असो.

वर्णाचा प्रश्न

येथवरचे विवेचन सर्व चेहऱ्यांना सारखेच लागू आहे. परंतु भारतीय वाचकाच्या दृष्टीने याहून नाजूक असा एक प्रश्न उरतो, तो वर्णाचा. आपल्याकडे ‘फोटो चांगला आला’ या वाक्याचा अर्थ कित्येकदा ‘फोटोत गोरा रंग आला’ असा असतो. लग्नासाठी मुलीचा फोटो पाठवण्याची चाल रूढ झाली, तेव्हापासून स्टुडिओत ऋणप्रतीवर पेन्सिल फिरवणे, चेहऱ्यावर प्रकाशाचा भडिमार करणे, हाताने रंग भरताना गव्हाळ रंगाच्या जागी गुलाबी छटा देणे हे प्रकार नित्याचे झाले. कित्येक मुलींना आपल्या रूपाविषयीचा पहिला लेखी अभिप्राय अशा सुधारलेल्या फोटोच्या स्वरूपात मिळाला. आजच्या भ्रमणध्वनीतील ‘सौंदर्य’ योजना तेच काम एका क्षणात करते. त्वचा गुळगुळीत होते, वर्ण उजळतो, डोळे मोठे होतात. येथे खुलवणे संपते आणि चिकटवणे सुरू होते.

या पक्षपाताचा काही भाग यंत्रातच होता. विसाव्या शतकाच्या मध्याला रंगीत छपाईची यंत्रे जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी ज्या नमुनापट्ट्या पाठवी, त्यांवर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र असे. त्यांना ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर उमटली म्हणजे रंग बरोबर, असा दंडक होता. सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे अशा फिल्मवर बुजून जात. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात असे नोंदवले आहे की, गडद तपकिरी छटा नीट उमटाव्यात म्हणून कंपनीवर जो दबाव आला त्यात लाकडी सामान व चॉकलेट यांच्या उत्पादकांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. माणसांच्या चेहऱ्याआधी शिसवीच्या कपाटाची दाद लागली, असे याचे तात्पर्य. पुढे हे कार्ड बहुवर्णी झाले. सावळ्या त्वचेच्या छटा नीट टिपण्यासाठी भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याच्या गणितात बदल केल्याचे २०२१ साली गूगलने ‘रिअल टोन’ या नावाने जाहीरपणे सांगितले.

यंत्र सुधारले तरी एक अडचण राहतेच. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा सदरा घालून सावळा माणूस बसला, की मापकाला दृश्य फार उजळ वाटते. तो प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. दोष वर्णाचा नाही, भिंतीचा आहे. यावर दोन उपाय आहेत. मागची भिंत व कपडे मध्यम छटेचे निवडावेत: मातकट, हिरवट, निळसर. आणि प्रकाशाचे मोजमाप चेहऱ्यावरूनच करावे. भ्रमणध्वनीत पडद्यावरील चेहऱ्यावर बोट टेकवल्याने ते होते.

सावळ्या त्वचेच्या प्रकाशयोजनेचे मर्म वेगळे आहे. गोऱ्या चेहऱ्याची घडण सावल्यांनी दिसते. सावळ्या चेहऱ्याची घडण झळाळीने दिसते. गालाचे हाड, कपाळ, नाकाचा दांडा, हनुवटी यांवर मोठ्या खिडकीचे मंद प्रतिबिंब पडले की चेहऱ्याचा आकार उठून येतो. म्हणून येथे प्रकाश वाढवण्यापेक्षा त्याचा उगम रुंद करणे व तो बाजूने येऊ देणे अधिक फलदायी असते. कृष्णशिळेतील मूर्ती गाभाऱ्यात समईच्या तिरप्या उजेडात जशी सजीव भासते आणि समोरून पडलेल्या दिव्याच्या झोतात जशी सपाट होते, तसाच हा प्रकार आहे. चेहरा पावडरीने पांढरा करणे म्हणजे ही झळाळीच मारून टाकणे होय.

रोख, नजर आणि भाव

कॅमेऱ्याची उंची डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर असावी. खालून घेतलेल्या चित्रात हनुवटी व नाकपुड्या पुढे येतात. फार वरून घेतलेल्यात कपाळ फुगते व चेहरा लहान मुलासारखा होतो. समोरासमोर ताठ बसण्यापेक्षा खांदे थोडे वळवून मान कॅमेऱ्याकडे आणल्यास शरीराचा आखडलेपणा जातो. रुंद चेहऱ्याच्या माणसाने चेहऱ्याचा कॅमेऱ्यापासून दूर असलेला गाल खिडकीकडे राहील असे बसावे. कॅमेऱ्याकडील गाल सावलीत जातो व चेहरा निमुळता भासतो. हनुवटी किंचित पुढे व खाली घेतली की जबड्याची रेषा स्पष्ट होते. चष्मा असल्यास दांड्या कानांवरून जराशा उचलाव्यात. काचा खाली कलतात व खिडकीचे प्रतिबिंब डोळ्यांवरून सरते. नजर पडद्यावरील स्वतःच्या प्रतिमेकडे नसावी, ती भिंगाकडे असावी. नाहीतर चित्र पाहणाऱ्याला हा माणूस आपल्याकडे न पाहता दुसरीकडेच पाहत आहे असे वाटत राहते.

भावाची बाब सर्वांत अवघड. फ्रेंच वैद्य द्युशेन याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेहऱ्याच्या स्नायूंचा छायाचित्रांसह अभ्यास मांडला. त्याने दाखवून दिले की, ओठांचे कोपरे इच्छेने उचलता येतात. परंतु खऱ्या आनंदाच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आकसतो तो सहसा आज्ञा मानत नाही. आदेशाने हसलेल्या चित्रात ओठ हसतात व डोळे पाहत राहतात, ते यामुळे. शिवाय धरून ठेवलेले हसू काही क्षणांतच शिळे होते. याकरिता घड्याळयोजना लावल्यावर डोळे मिटून राहावे, शेवटच्या क्षणी उघडावे, आणि मनात कोणातरी ओळखीच्या माणसाला समोर आणावे. अशी वीस-तीस चित्रे घ्यावीत. त्यांतील एखादेच साधते, आणि व्यावसायिकाचा अनुभवही याहून फार वेगळा नसतो.

शेरगिल यांचे उदाहरण

या सगळ्या तंत्राचा हेतू केवळ सुंदर दिसणे एवढाच असेल, तर तो लवकरच कंटाळवाणा होतो. या बाबतीत उमरावसिंह शेरगिल (१८७०–१९५४) यांचे उदाहरण बोलके आहे. चित्रकार अमृता शेरगिल यांचे हे वडील संस्कृत व फार्सीचे व्यासंगी होते. बुडापेस्ट, सिमला, पॅरिस अशा ठिकाणी त्यांचे वास्तव्य झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांनी पुन्हापुन्हा स्वतःची छायाचित्रे काढली. कोठे ते पुस्तकांत गढलेले विद्वान आहेत, कोठे पाश्चात्य पोषाखातील गृहस्थ, तर कोठे केवळ लंगोटी नेसलेले योगाभ्यासी. १९३० सालच्या एका चित्रात दीर्घ उपवासानंतरचे त्यांचे कृश शरीर दिसते. लांब दाढी, खोल डोळे व बाजूने येणारा प्रकाश यांमुळे ही चित्रे देखणी आहेत यात शंका नाही. परंतु वय वाढत गेले तसे ते त्यांनी लपवले नाही. प्रकाशाची व अंतराची सगळी जाण त्यांनी एका प्रश्नाच्या सेवेस लावली: आज या देहात कोण राहत आहे?

जयपूरच्या महाराजांनी पूजेस बसून, त्रिपुराच्या महाराजांनी राणीला जवळ घेऊन आणि शेरगिल यांनी उपवासानंतर उघड्या अंगाने स्वतःला कॅमेऱ्यासमोर आणले. या तिघांतही स्वतःला चांगल्या प्रकाशात दाखवण्याची इच्छा होती, आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नव्हते. आपण कोणत्या रूपात लक्षात राहावे हे ठरवण्याचा अधिकार पूर्वी चित्रकार पदरी बाळगणाऱ्यांचा होता, नंतर स्टुडिओचे दाम मोजू शकणाऱ्यांचा झाला, आणि आता तो जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आला आहे. मात्र हा अधिकार हाती असूनही अनेक जण यंत्राचा निकाल मुकाट्याने स्वीकारतात आणि दोन वितींवरून, नळीदिव्याखाली, पांढऱ्या भिंतीपुढे घेतलेल्या चित्रावरून आपल्या नाकाविषयी व वर्णाविषयी कायमचे मत बनवतात.

तेव्हा एखादा फोटो ‘चांगला आला नाही’ असे वाटल्यास चेहऱ्याविषयी काही ठरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारून पाहावेत. कॅमेरा किती दूर होता? उजेड कोणत्या बाजूने आणि किती मोठ्या उगमातून आला? मागची भिंत कोणत्या छटेची होती? कळ दाबली त्या क्षणी मन कोठे होते? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर खिडकीशी बसून पुन्हा एकदा फोटो काढावा. लग्नाच्या वयाच्या मुलीने तर स्टुडिओतून गोरी होऊन आलेली प्रत बाजूस ठेवून हे अवश्य करावे. कारण त्या फोटोतल्या मुलीच्या जागी उद्या प्रत्यक्ष तिलाच जाऊन राहावयाचे असते.